केसनंद फाट्याच्या अलीकडे

घर घ्यायचं ठरलं तेव्हा नकाशावर
आम्ही सुतळी धरली होती.
एक टोक रांजणगाव, सुधन्वाच्या कंपनीचं गेट,
दुसरं शिवाजीनगर, माझी लॅब.
सुतळी दुमडली, घडी पडली तिथे बोट ठेवलं
तर ते पडलं कोरेगावच्या आसपास, उसात.
माझं तोंड बघून त्याने ते पश्चिमेला सरकवलं,
सरकवत सरकवत खराडीपर्यंत नेलं,
तिथला भाव ऐकला
आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.
ते थांबलं तिथे आता आम्ही राहतो.

कोथरूडची मामी म्हणाली,
वाघोली? मग नगरलाच का नाही घेतलंत?
आम्ही हसलो. पेढे तिनेही दोन खाल्ले.

सातवा मजला, पाचशे अडतीस चौरस फूट,
वीस वर्षांचे हप्ते.
छापील माहितीपत्रकातला पोहण्याचा तलाव खरोखर आहे.
त्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू
आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात.
पाणी येतं पहाटे, टँकरने.
मागे येताना तो जो सूर लावतो
तो आमच्या रेवाला पाठ झालाय.
घरात उलटी चालताना ती तोंडाने
तोच सूर काढते, आणि आम्ही बाजूला होतो.

रखमाजी गेटवर असतात, निळ्या सदऱ्यात.
एकदा टँकरचा नंबर वहीत लिहिता लिहिता म्हणाले,
तुमच्या बी विंगच्या लिफ्टखाली आमची हीर हुती.
आठ परस.
पाणी?
लागायचं की. उन्हाळ्यातबी.
आणि वही पुढे केली. सही करा, दहा हजार लिटर.

परवा लिफ्ट तळाशीच अडकली.
अंधारात मी खाली कान लावला.
काहीतरी घुमत होतं.
पंप असेल.

खाणीची धूळ बसते म्हणून
लॅबचा पांढरा कोट आतच वाळत घालते.
त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी.
दोघांच्या मधोमध घर घेतलं
म्हणून दोघंही इथे सारखेच नसतो.
असतात त्या समोरच्या शमशाद आपा, उदगीरच्या.
रेवा त्यांच्याकडे जेवते, त्यांच्याकडे झोपते,
आणि लॅबमध्ये माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी असताना
फोनवर विचारते,
आई, कधी येलालीस?

येलालीस.
माझ्या माहेरी-सासरी असं कुणी बोलत नाही.
मी उत्तर देते, येलालेय, येलालेय,
आणि शेजारचा टेक्निशियन मान वर करून बघतो.

तिसरी पाळी असली की
सुधन्वा सकाळी ज्या थांब्यावर उतरतो
तिथेच मी चढते.
बहुतेक वेळा चुकामूक. तो येतो, मी गेलेली असते,
किंवा माझी बस सुटताना
त्याच्या कंपनीची बस मागे कुठेतरी दिसते,
आणि आत तो मान टाकून झोपलाय की जागा आहे
हे काही कळत नाही.

मंगळवारी माझी बस आलीच नाही. पंचवीस मिनिटं.
तो उतरला, मला बघून दचकला,
जणू मी इथे राहतच नाही.
मग चहा घेतला, दोघांत दीड,
टपरीमागच्या सिमेंटच्या पाइपवर बसून.
त्याच्या बोटांना ग्रीसचा वास होता, माझ्या बोटांना स्पिरिटचा.
टँकर आला होता?
दोन आले.
आपांना पैसे दिलेस?
घेत नाहीत, तू दे.
दाढी कर रे.
बरं.

पुढे सुचेना काही. एवढा वेळ एकदम हातात आला की
तो कुठे ठेवायचा, सवय नाही.
त्याने माझी पर्स उचलून
स्वतःच्या मांडीवर ठेवली, उगाच.

तेवढ्यात बस आली.
मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले.
म्हटलं, फार गर्दी आहे, पुढची घेते.
त्याने बसकडे पाहिलं.
मागच्या बाजूला, खिडकीजवळच्या
दोन्ही जागा रिकाम्या होत्या.