ब्र

माझ्या पणजोबांचं नाव लेबरेख्ट.
आयोवात ते कुणालाच नीट म्हणता येईना,
डेअरीच्या वहीत शेवटी 'लेब' एवढंच उरलं.

त्याच्या घोड्यांना तीन शब्द कळायचे.
ह्यू म्हणजे चल.
हॉट म्हणजे उजवीकडे.
आणि ओठ थरथरवून लांबवलेला ब्र
म्हणजे थांब.

अठरा सालच्या मे महिन्यात
डेअरीच्या दारावर कागद लागला :
रस्त्यात, चर्चमध्ये, टेलिफोनवर
यापुढे फक्त इंग्रजी.
ओटिलियाने त्याच रात्री
स्तोत्रांची पुस्तकं पिठाच्या पिंपात पुरली.
महिनाभर त्या घरच्या पावाला
शाईचा वास येत होता म्हणे.
(म्हणणारी माझी आत्या. तिला कशालाही शाईचा वास यायचा.)

लेबरेख्टने शेरीफला गाठून विचारलं,
मोडक्यातोडक्या इंग्रजीत,
शेत म्हणजे रस्ता का?
शेरीफने टोपी काढली,
आत काहीतरी पाहिल्यासारखं केलं, पुन्हा घातली.
"रस्त्याकडेच्या पट्ट्यात जरा जपून," म्हणाला.

रस्त्याकडेच्याच पट्ट्यात नांगर चालू होता.
दोन मोटारी येऊन उभ्या राहिल्या.
कुणी उतरलं नाही, काचेआड नुसत्या टोप्या.
आदल्या आठवड्यात टीडेमानच्या गोठ्याला
रातोरात पिवळा रंग फासला होता,
गाईच्या एका शिंगालासुद्धा.

तास बांधापाशी आलं.
लेबरेख्टने ब्र काढला नाही.

घोडे चालत राहिले.
बांध ओलांडून, दगड ओलांडून,
कॅव्हनाच्या कोवळ्या ओट्समधून,
लगाम ओढला तरी कान मागे वळवून
शब्दाची वाट बघत,
सरळ.
इतकं सरळ तास
त्याने जन्मात काढलं नव्हतं.

ओढ्यापाशी घोडेच थांबले, तहान लागली म्हणून.
कॅव्हना बाहेर आला,
तास या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं
आणि नुकसानीचे चार डॉलर मागितले.
पावती इंग्रजीत आहे. माझ्याकडे आहे.

मला जर्मन येत नाही.
तीन शब्द येतात, तेही घोड्यांचे.
आमचा ट्रॅक्टर आता उपग्रह बघून वळतो,
मी नुसता बसलेला असतो
कॉफीचा थर्मास गुडघ्यांत धरून.
तरी बांध जवळ आला की
ओठांवर ओठ येतात,
घट्ट,
ब च्या तयारीत.