माया

"डावा नको," मी आधीच सांगते.
तिकडच्या काखेतल्या गाठी काढल्यात.
कुंदा उजवा हात चाचपते,
केमोनं शिरांची सुतळी झालेली,
मग मनगटापाशी एक सापडते, बारीक, निळी.
पिवळ्या टोपणाची नळी भरते.

करी रोडच्या पुलाखाली माझं दुकान.
चाळीस वर्षं बायकांच्या छातीची मापं घेतली,
चौतीस, छत्तीस, कुणाची अडतीस,
वहीत पेन्सिलीनं, खोडता येईल असं.

संध्याकाळी मोबाईलवर माझा आकडा :
चौतीस.
मागच्या खेपेला एकोणतीस होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एका आकड्यावरून काही ठरत नाही,
सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.

मशीनवर बसले.
बोरकरणीच्या ब्लाउजला
आज दोन्ही बाजूंना
बोटभर जास्त माया सोडली.