पासंग

डॉक्टर जेवायला गेले की
दवाखान्यात मी आणि सक्शनची नळी.
दोघी थोडा वेळ गप्प.
मग पावतीपुस्तकाच्या पाठीवर
मी हिशोब मांडते. पेन्सिलीनं,
खोडता यावा म्हणून.

कोर्स दोन वर्षांचा, संभाजीनगरला.
फी, खोली, डबा, मेणाचं-प्लॅस्टरचं सामान धरून
अडीच लाख.
पतसंस्थेचे कुलथे साहेब म्हणाले,
बारा टक्के, पाच वर्षं,
महिन्याला पाच हजार पाचशे एकसष्ट.
तो शेवटचा एक रुपया
दातात अडकलेल्या तुसासारखा
दिवसभर जिभेला लागत राहिला.

कॉलेजात फोन केला. बाई म्हणाल्या,
शंभर टक्के प्लेसमेंट.
म्हटलं, मॅडम, किती रुपयांची?
त्यांनी फोन होल्डवर ठेवला.
पेशंट येईपर्यंत बासरी ऐकली.

वाजिदभाई स्टेशन रोडच्या लॅबमध्ये
अकरा वर्षं दात घडवतात.
म्हणाले, सुरुवातीला बारा हजार धर.
मला अठ्ठावीस पडतात, पण कागद नाही.
कागदवाला पोरगा आला की मालक
त्याला खुर्ची देतो, मला काम.
मग खोकले,
बराच वेळ. रुमाल पांढरा,
खोकलाही पांढराच.

बारातून हप्ता गेला,
खोलीचे-डब्याचे तीन गेले,
उरले साडेतीन.
आज घरी राहून सात मिळतात.
म्हणजे शिकून मी निम्मी होणार,
पाच वर्षं.
सहाव्या वर्षाचं कुणी बोलत नाही.
मीही ते कागदावर घेतलं नाही,
जागा होती तरी.

फॉर्मवर दोन चौकोन.
हायजिनिस्ट : दात साफ करायचे.
मेकॅनिक : दात करायचे.
आत्या म्हणाली, कामून गं,
दात कोरून पोट भरतंय का कुणाचं?
आत्याचे पुढचे दोन दात नाहीत,
म्हणून "पोट" म्हणताना वारा येतो.
पण तिचं खरं आहे.
परभणीत दुखल्याशिवाय
तोंड उघडतंय कोण?

दादा मोंढ्यात काटे दुरुस्त करायचे.
इलेक्ट्रॉनिक आले, तेव्हापासून
दुकानात ते आणि गंजलेली पारडी.
मी कागद दाखवला.
त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत.
म्हणाले, तोलायच्या आधी
रिकामा काटा कुठं थांबतोय ते बघत जा.
आपला कधीच मधी थांबला नाही.
त्याला पासंग लागतोच,
चिंधी बांध, खडा बांध, काही बांध.
आणि चष्मा पुसत बसले.

मागच्या माघात पिंगळीच्या गयाबाई आल्या होत्या,
कवळी न्यायला.
आरसा पुढं केला, तर तो त्यांनी बाजूला सारला
आणि कनवटीची भुईमुगाची शेंग काढून
दाताखाली धरली.
कट्.
मी तेव्हा त्यांचे राहिलेले आठशे मोजत होते,
सगळ्या दहाच्या नोटा.
चुकले.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.
गयाबाई म्हणाल्या, मोज माय, मोज,
मला कुठं घाई आहे आता.

मुदत पंधरा तारखेपर्यंत. आज बारा.
रात्री पंखा लावला की फॉर्म उडतो.
दादांनी काही न बोलता त्यावर
पन्नास ग्रॅमचं माप ठेवलं,
शिक्क्याची मुदत कधीच संपलेलं.

ते उचलून मी
दुसऱ्या चौकोनात खूण केली.
पेन्सिलीनंच.
लॅबमध्ये साच्यांवर माणसांची नावं
पेन्सिलीनंच लिहितात,
आणि त्यावरून दात होतात.

माप परत जागेवर ठेवलं.