अठरा मिलिमीटर

सकाळच्या बसमधून आम्ही सात जण उतरलो
आणि आठवी मेंजिया: बासष्ट वर्षांची, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग,
हातात काठी नाही.
पहिल्या तासात तीनशे पावलंसुद्धा चाललो नसू.
याखेनने विचारलं, शिखर कधी येणार?
ती म्हणाली, ते आहे तिथेच आहे. तू आधी खाली बस.

बसल्यावर दिसलं,
गवत समजून ज्याला तुडवत होतो
तो विलो होता. झाड. पूर्ण वाढलेलं,
बुटाच्या घोट्यापर्यंतही न पोचणारं,
खोड मातीत घालून फक्त पानं वर काढलेलं,
वाऱ्याशी वाद नको म्हणून.
"जंगलाच्या शेंड्यावर उभे आहात तुम्ही,"
मेंजिया म्हणाली, आणि सगळे
अंग चोरून एकेका पायावर.

वर, हिमनदीने टाकून दिलेल्या शिळांपाशी
आलोइसच्या काठीचं टोक घसरलं.
पिवळ्या-हिरव्या दगडफुलावर पांढरा ओरखडा.
काळ्या रेघांनी आखलेल्या त्या नकाशातला
एक जिल्हाच पुसला गेला.
ती रागावली नाही.
भिंग लावलं, मनाशी हिशेब केला:
"साधारण ऐंशी वर्षं."
चाळीस वर्षं रोपवे चालवलेला आलोइस
मग दिवसभर काठी काखेत धरून चालला, छत्रीसारखी,
दोनदा पडला.

जेवायला राईचा पाव, चीज, गार कॉफी.
दगडफूल म्हटलं की मला भाजलेल्या मसाल्याचा वास येतो.
कुणाला सांगितलं नाही.

मग तिने पत्र्याच्या डबीतून
घडीवर पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर काढला.
तिचा बाप पोस्टमन. ती जन्मली त्या आठवड्यात
तो इथे चढून आला होता,
याच शिळेवरच्या एका दगडफुलाची कड
पेन्सिलीने गिरवून घ्यायला.
तिने कागद जागेवर ठेवला.
रेषेच्या बाहेर चहूकडून
नखाएवढी हिरवी झालर.

"एवढंच?" याखेन.
"अठरा मिलिमीटर. आरपार मोजलं तर.
मी तेव्हा पन्नास सेंटिमीटर होते,
पुढे एकशे छप्पन्नवर थांबले.
हे थांबलेलं नाही."

तिने कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे केली.
त्याची जीभ ओठांबाहेर, हात कापत होता,
रेष दोनदा चुकली.
वाऱ्याने कोपरा उचलला तेव्हा
आलोइसने तो दोन बोटांनी दाबला
आणि श्वास रोखून तसाच बसला.

परतीची बस चुकली.
पुढची दोन तासांनी होती.