खोगीर

दौलतगंजातल्या आमच्या दुकानावर पाटी अजून
'जिनगर आणि मंडळी, खोगीर व चामडी सामान' अशीच आहे.
घोडे संपले, आजोबा संपले.
मी बंदुका दुरुस्त करतो.

गजकाच्या दिवसांत हैबतराव भोइटे आले,
मागे गडी, गड्याच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेली रायफल.
"माशी दिसत नाही रे आता," म्हणाले,
"नळीच्या टोकाची. आधी एकीच्या दोन झाल्या,
आता नुसतं धुकं."
खिशातून नातवाचा लोकरी मोजा काढला,
मोज्यातून दुर्बीण, जर्मन.
"ही बसव. माउंट कुठलं ते तू ठरव."

मी तीन काढून फडक्यावर मांडली.
ॲल्युमिनियमचं, हलकं, दहा बारांत ढिलं होणारं.
पोलादी, बुटकं.
पोलादी, उंच, ज्याच्या खालून माशीही दिसते,
दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी.
चौथं कपाटातच राहू दिलं, महाग होतं.

बुटकं लावलं तर बोल्टाची मूठ दुर्बिणीला अडते.
उंच लावलं तर गाल दस्त्यावरून उठतो,
आणि गाल उठला की नेम उठला.
डोळा तीन बोटं मागे हवा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.
आजोबा म्हणायचे, पाठीवरून हात फिरवल्याशिवाय
खोगीर कापू नये.
मी चामड्याच्या चकत्या कापल्या,
बोल्टाच्या घरावर एकावर एक रचल्या,
वर दुर्बीण सुतळीने बांधली.
"लावा गाल." एक काढली. "आता?" अर्धी घातली.
खोगीरभरतीच ती, पण मापाची.

चार भोकं पाडावी लागतील, म्हटलं,
आणि खडूने खुणा केल्या.
दोन खुणा कोरलेल्या अक्षरांवर आल्या.
मोडी. मला वाचता येत नाही.
"वडील आहेत ते," हैबतराव म्हणाले.
बस, तेवढंच.

मग माडीवर नेली. बोल्ट काढून वाइसमध्ये आवळली,
तोंड खिडकीबाहेर, किल्ल्याकडे.
नळीतून पाहिलं:
चवलीएवढं ऊन, त्यात तटाचा एक दगड.
"आता दुर्बिणीतून तोच दगड धरा."
त्यांना वेळ लागला. खालून टांगे गेले, एक बँडवाला
क्लॅरनेटचे तेच चार सूर घोटत गेला.
"धरला," म्हणाले. आणि मग:
"त्याच्यावर पोरगं बसलंय.
पेरू खातंय."
थोड्या वेळाने,
"मीठ लावून खातंय."

बोल्ट माझ्या हातात होता,
घरात काडतूस एकही नव्हतं,
तरी त्यांनी चापावरचं बोट असं उचललं
जसं तापल्या तव्यावरून.
"चाळीस वर्षं," म्हणाले,
"माशीच्या पलीकडे ठिपका असायचा रे. नुसता ठिपका."

खाली आल्यावर विचारलं,
"हे काढलं की बंदूक होती तशी होते?"
तेव्हा मी चौथं काढलं, नखांचं,
खटका दाबला की दुर्बीण हातात येणारं,
परत बसवलं तर केसाचाही फरक नाही.
"आणि भोकं?"
भोकं राहतात, म्हटलं.
त्यांनी गड्याला पाठवून गजक आणवली.
आम्ही दोघांनी ती पार संपेपर्यंत खाल्ली.
सुतळी त्यांनी स्वतः सोडली, गाठ न कापता.
दुर्बीण मोज्यात, मोजा खिशात.
"रायफल असू दे इथेच. सांगतो."

सांगितलं नाही.
गडी कधी भाजीबाजारात भेटतो, म्हणतो,
साहेबांनी वरच्या खिडकीची जाळी काढवली.
मी दसऱ्याला रायफल उतरवतो, तेल देतो,
खडूच्या खुणांच्या कडेकडेने बोळा फिरवत.
आणि खिळ्यांच्या डब्यात,
नाव लिहिलेल्या कागदात बांधून,
साडेतीन चकत्या आहेत,
त्यांच्या गालाचं माप.