नख अडकतं का बघ

रविवारी नान्नजच्या माळावरून आले
आणि सायकल नळाखाली धरली.
धूळ वाहून गेली,
तेव्हा हँडलच्या खाली, डाव्या अंगाला,
हिरव्या रंगात एक पांढुरकी कोर दिसली.
बोटानं पुसली.
गेली नाही.

गिअरची केबल वळते तिथे. बरोब्बर तिथेच.
दर वळणाला तिनं एक कण रंग खाल्लेला,
दोन वर्षं,
आणि मला चावल्याचा आवाजसुद्धा आला नव्हता.

अजून चार हप्ते राहिलेत.
खरं सांगते, मी आधी ते मोजले.

ख्वाजाभाई नदाफांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"नख फिरवा ताई. अडकतं का बघा.
नाही अडकलं तर नुसता रंग.
अडकलं तर धातूपर्यंत गेलंय, मग लक्ष ठेवायचं."
मी फिरवलं.
किंचित अडकलं.
"नाही अडकलं," म्हणाले.
का म्हणाले कुणास ठाऊक.
एका नळीसाठी कुणी खोटं बोलतं का.

त्यांनी स्वतःचं नख फिरवलं, बोलले काहीच नाहीत.
नट पिळत पिळत, मग कधीतरी:
"केबल नाही कापत. केबल मऊ असते.
कापते ती मधली माती.
आपल्या सोलापूरची धूळ म्हणजे
फुकटचा पॉलिशपेपर."

घरी नायना ओट्यावर बसले होते,
बनियन खांद्यावर, पाठ उघडी,
एप्रिलमध्ये बसतात तसे.
एकतीस वर्षं लूमचे फिटर,
आता कारखाना बंद, पण कान तिकडेच.
शेजारचा माग एक ठोका चुकला की मान वळते.

कोर बघितली.
उठून आत गेले, बिस्किटाचा डबा घेऊन आले.
त्यात खिळे, वॉशर, एक शटलचं टोक,
आणि चिनीमातीचा एक छोटा डोळा,
ज्यातून सूत जातं.
मला म्हणाले, "उजेडात धर."
आतल्या कडेला खाचा. केसासारख्या. सहा, सात.
"सुतानं पाडल्या.
दातानं तुटतं ते सूत."

"मग काय करायचात?"
"एक खाच पडली की थोडं फिरवायचं,
सुताला नवी जागा द्यायची.
सगळीकडून झिजलं की फेकायचं."
"हे का नाही फेकलं?"
"विसरलो," म्हणाले,
आणि डब्याचं झाकण लावलं.

मग मी कामाला लागले.
स्पिरिटचा बोळा. बारीक कागद, हलक्या हातानं, फक्त कडा.
श्रीलताच्या डब्यात हिरवं नेलपॉलिश सापडलं,
चमकीचं निघालं.
लावलं तरी. दोन हात.
आता सायकलला तिथे लग्नाला चालल्यासारखी टिकली आहे.
वर जुन्या ट्यूबची पट्टी, सॉकेटच्या गोंदानं,
केबल दीड बोट लांब सोडली, वळण मोठं केलं.
श्रीलता म्हणाली, माझं पॉलिश परत दे.
अर्धं संपलं होतं.

अल्युमिनियम गंजत नाही म्हणतात.
बरं आहे.
नुसतं कमी होत जातं.

रात्री पाणी प्यायला उठले
तर नायना सायकलपाशी उकिडवे बसलेले.
पट्टीचं टोक उचलून
अंगठ्याचं नख फिरवत होते, सावकाश,
इकडून तिकडे.
लाइट लावू का विचारलं.
"एम् कादु," म्हणाले, काही झालं नाही.

त्यांच्या त्या नखालाच एक खाच आहे,
सूत तोडून तोडून पडलेली,
मी शाळेत असल्यापासूनची.
नख अडकलं की नळी अडकली,
त्यांना कसं कळणार होतं,
मी विचारलं नाही.