जीभ दाखव

टोर्न नदीकाठी नोव्हेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
मी वरच्या खोलीतली भाडेकरू,
पाणी गरम करायला खाली येते, तेव्हा रोज दिसतं मला:
स्टुलावर विल्या, नऊ वर्षांची, मोजे काढून,
आणि समोर गुडघे टेकून मारित, हातात टॉर्च.

आधी तळवे. मग बोटांच्या बेचक्या.
घोटे. डावा सुजलाय का जरा?
कोपरं, नखांच्या कडा.
"जीभ दाखव."
जीभ चावलेली असते पुष्कळदा
जेवताना, रेनडिअरच्या मांसासोबत,
आणि हिला पत्ता नसतो.

बाकी सगळं लागतं तिला.
मांजराची लव, गुदगुल्या,
बुटाखाली चुरणारा बर्फ.
फक्त एक धागा, केसाहून कितीतरी बारीक,
आतून वर बातमी न्यायचा,
तो जन्मतःच कच्चा राहिला.
आजीचा भाऊ एव्हर्ट असाच होता म्हणे,
मोडक्या पायानं आठवडाभर लाकडं ओढत होता,
आणि लंगडतोस का विचारलं तर म्हणाला, कोण, मी?

गेल्या हिवाळ्यात
सॉनाच्या शेगडीवर हात टेकून विल्या गोष्ट सांगत होती.
वास आला.
तिनंच विचारलं, "काय भाजतंय गं?"
मारित दारात होती, दहा पावलांवर.
आधी तिचा स्वतःचा हात झटक्यात मागे आला,
छातीशी, मुठीत,
मणक्यानं मेंदूला विचारलंसुद्धा नाही.
किंकाळी त्यानंतर. धावणं त्याच्याही नंतर.

तेव्हापासून विल्या
सुरी उचलताना, कपाला हात लावताना
आधी आईच्या चेहऱ्याकडे बघते.
भुवया हलल्या तर थांबते.

इथं दुखलं की लोक म्हणतात "आय!"
माझ्या कानाला, साताऱ्याकडच्या,
ते वेगळंच ऐकू येतं.
अंगणात पोरं घसरून पडतात,
"आय! आय!"
आणि मी दर वेळी खिडकीशी जाते,
कुणाची आई बोलावतायत बघायला.

विल्यानंही तो शब्द शिकून घेतलाय,
शाळेत चिडवू नयेत म्हणून.
आरशासमोर घोकते, तोंड वाकडं करून.
पण पडली की आधी उठते,
बर्फ झटकते, इकडेतिकडे बघते,
आणि मग, आठवल्यावर, "आय."
गाडी निघून गेल्यावर फाटक पडावं तसं.

आज पाव कापताना मारितचं बोट कापलं.
शब्द आलाच नाही तिच्या तोंडून,
नुसता श्वास, दातांतून आत.
विल्या वाचत होती, मान वर केली.
"कसं असतं ते?"
मारित नळाखाली बोट धरून उभी.
"असं... म्हणजे... दुसरं काही सुचतच नाही तेवढ्यात."
"पाव पण नाही?"
"पाव पण नाही."

विल्यानं पुस्तक मिटलं.
स्टूल ओढलं, टॉर्च आणला,
आईला बसवलं.
बोट उलटंसुलटं करून पाहिलं, पट्टी लावली,
मग दुसरा हात, मग कोपरं,
मग मोजे काढायला लावले.
माझं पाणी केव्हाच उकळून गेलं होतं.

"आता जीभ दाखव," ती म्हणाली.